पडीक माळ आणि परदेशी उष्ण कटिबंध

आमच्या महाविद्यालयातून विज्ञान शाखेची पदवी घेतलेला एक विद्यार्थी दोन वर्षांपूर्वी युरोपातील एका विद्यापीठात उष्ण कटिबंधाचे परिस्थितिविज्ञान शिकण्यासाठी गेला. सोमेश्वरनगरच्या चौकात त्याच्या अभिनंदनाचा फलक लागला. फलकावर त्याच्या छायाचित्रापेक्षा शुभेच्छुकांची छायाचित्रे मोठी होती, हे वेगळे सांगायला नको. पार्श्वभूमीला मात्र एक घनदाट, ओलेचिंब, वेलींनी गच्च भरलेले अरण्य होते आणि त्यात एक लाल-निळा पोपट बसला होता. फलक करणाऱ्याने संगणकावर ‘ट्रॉपिकल’ हा शब्द शोधला असणार आणि जे मिळाले ते चिकटवले असणार. त्याच दिवशी प्राध्यापक कक्षात आमचे एक ज्येष्ठ सहकारी म्हणाले, “उष्ण कटिबंध शिकायला थंड देशात? उद्या उसाची लागवड शिकायला लडाखला पाठवा पोरांना!” सगळे हसले. आम्हीही हसलो.

त्या फलकाशी आणि त्या हसण्याशी भांडावे म्हणून आम्ही हा लेख लिहीत आहोत. फलकवाले आणि विनोदवाले एकमेकांच्या विरोधात उभे आहेत असे दिसते. पण दोघांच्याही बोलण्याच्या तळाशी एकच समजूत आहे, असे आमचे मत झाले आहे. ही समजूत मराठीच्या वर्गात तयार होते. म्हणजे आमच्याच वर्गात.

त्याचे झाले असे. परदेशी पोहोचल्यावर तिसऱ्याच आठवड्यात त्या विद्यार्थ्याचे पत्र आले. वर्गात पहिला स्वाध्याय होता : आपापल्या गावाभोवतीच्या वनस्पतिजीवनाचे एक पानभर वर्णन करा. ब्राझीलच्या मुलीने लिहिले, केनियाच्या मुलाने लिहिले. आमच्या विद्यार्थ्याने लिहिले की, आमच्याकडे कालव्याखाली ऊस आहे आणि उरलेली जमीन ओसाड व पडीक आहे. तेथे जंगल नाही. शासनाने अलीकडे काही झाडे लावली आहेत. शिक्षकांनी उपग्रहाचे छायाचित्र पडद्यावर लावले आणि विचारले, “या ओसाड जमिनीवर मेंढरे काय खातात?” तो म्हणाला, गवत. “कोणते?” त्याला नाव येईना. इंग्रजी नाही, लॅटिन नाही आणि मराठीही नाही. म्हणून त्याने आम्हाला लिहिले होते : ‘सर, कुसळ सोडून आपल्या माळावरच्या गवतांची नावे काय आहेत?’

आम्ही तिघे मराठीचे अध्यापक. तिघांची मिळून नोकरी साठ वर्षांच्या पुढे. तिघांनी डोके खाजवून चार नावे काढली. त्यांतले एक हरळीचे होते, आणि ती माळापेक्षा शेताच्या बांधावर अधिक दिसते, हे आमच्याच शिपायाने लक्षात आणून दिले.

ज्यांना हा मुलूख ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडे सांगतो. नीरेचा डावा कालवा एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात आला आणि त्याने या तालुक्याचे दोन तुकडे केले : बागायत आणि जिरायत. सोमेश्वरनगर हे बागायतीतले गाव. साखर कारखान्याभोवतीच ते वाढले. येथून उत्तरेला मोरगाव-सुप्याच्या अंगाने निघाले की तासाभरात हिरवा रंग संपतो. पाऊस वर्षाला जेमतेम पाचशे मिलिमीटर. ज्या सह्याद्रीत नीरा उगम पावते तेथे याच्या कितीतरी पट पाऊस पडतो, आणि मराठी कवितेतला बहुतेक पाऊस तिकडचाच आहे. सुप्याजवळ मयूरेश्वर अभयारण्य आहे. १९९७ साली ते घोषित झाले. क्षेत्रफळ अवघे ५.१४ चौरस किलोमीटर. मुख्य रहिवासी चिंकारा. लांडगा, खोकड, धाविक, चंडोल, हिवाळ्यात येणारे भोवत्ये हे सगळे या अभयारण्यात मावत नाहीत. ते बाहेरच्या माळावर, गायरानावर आणि सातबाऱ्यावर ‘पोटखराबा’ म्हणून नोंदलेल्या तुकड्यांवर जगतात. तिकडे इंदापूर तालुक्यात कडबनवाडीचा माळ आहे. तेथे आणि बारामती तालुक्यातील शिर्सुफळला वनखात्याने अलीकडे गवताळ प्रदेशाची सफारी सुरू केली. पुण्याचे लोक पैसे भरून लांडगा पाहायला येतात. आमच्या वर्गातील मुले त्याच माळावरून दुचाकीवरून रोज कॉलेजला येतात आणि निबंधात ‘आमच्या भागात निसर्ग नाही’ असे लिहितात.

आता प्रथम त्या विनोदाकडे वळू. उष्ण कटिबंध शिकायला थंड देशात का जायचे?

कारण हे शास्त्र मुळात थंड देशातून उष्ण देशात आलेल्या एका विद्यार्थ्याने उभे केले. युजेन वॉर्मिंग हा डेन्मार्कचा तरुण १८६३ साली, वयाच्या बाविसाव्या वर्षी, शिक्षण अर्धे टाकून ब्राझीलमध्ये लागोआ सांता या गावी एका वृद्ध डॅनिश संशोधकाचा लेखनिक म्हणून गेला आणि तीन वर्षे राहिला. तेथे घनदाट अरण्य नव्हते. गवत होते, मधून मधून वाकडीतिकडी, जाड सालीची झाडे होती, वणवे होते. ब्राझीलचे लोक त्या प्रदेशाला सेर्रादो म्हणतात. वॉर्मिंगने त्या माळावरच्या वनस्पती गोळा केल्या, परत गेला, आणि १८९५ मध्ये वनस्पतिसमूहांवर ते पुस्तक लिहिले, ज्याला या शास्त्राचे पहिले पाठ्यपुस्तक मानतात. साहित्याच्या वाचकांनी येथे थोडे थांबावे. ते पुस्तक डॅनिश भाषेत आहे. त्या काळी त्या देशाची वस्ती पंचवीस लाखांच्या आसपास होती. जर्मन अनुवाद लगेच झाला, इंग्रजी आवृत्तीला १९०९ साल उजाडले. एका शास्त्राचा पाया पंचवीस लाखांच्या भाषेत घातला गेला, आणि आठ कोटींच्या भाषेत आम्ही अजून ‘परिस्थितिविज्ञान’ म्हणावे, ‘परिसरविज्ञान’ म्हणावे की ‘पारिस्थितिकी’, यावर चर्चासत्रे भरवतो. असो.

दुसरे उदाहरण घरचे आहे. शंकर पुरुषोत्तम आघारकर, जन्म मालवणचा, १८८४ चा. कलकत्त्याला वनस्पतिशास्त्राचे अध्यापक असताना ते उच्च अभ्यासासाठी १९१४ मध्ये जर्मनीला गेले, महायुद्ध पेटले आणि शत्रुराष्ट्राचे प्रजाजन म्हणून त्यांना स्थानबद्ध करण्यात आले. तरीही त्यांनी अभ्यास सोडला नाही आणि १९१९ मध्ये बर्लिन विद्यापीठाची डॉक्टरेट मिळवली. विषय काय होता? वायव्य भारतातील रुक्ष आणि खाऱ्या जमिनींवरच्या वनस्पती कशा पसरतात आणि त्या मूळच्या कोठल्या. म्हणजे एका कोकणी माणसाने राजस्थान-सिंधकडच्या काटेरी झुडपांचा प्रबंध बर्लिनमध्ये बसून, जर्मन भाषेत सिद्ध केला. पुढे १९४६ मध्ये महाराष्ट्र असोसिएशन फॉर द कल्टिव्हेशन ऑफ सायन्स ही संस्था पुण्यात उभी राहिली तेव्हा तिची धुरा त्यांनी वाहिली. आज तिचेच नाव आघारकर संशोधन संस्था आहे. त्याच संस्थेतील वा. द. वर्तक यांच्याबरोबर माधव गाडगीळ यांनी सत्तरच्या दशकात देवरायांचा अभ्यास केला. गाडगीळही हार्वर्डला शिकून १९७१ मध्ये परत आलेले. बनारसला उष्ण कटिबंधीय परिस्थितिविज्ञानाची परंपरा ज्यांनी घातली त्या रामदेव मिश्रांचा प्रबंध १९३७ चा, इंग्लंडमधल्या लीड्स विद्यापीठाचा.

ही नावे आम्ही परदेशाची महती गाण्यासाठी सांगत नाही. ‘आपल्याच मातीचा अभ्यास करायला बाहेर कशाला’ हा प्रश्न विचारणाऱ्याला आपण देशीवादी आहोत असे वाटत असते, आणि तेथे त्याची गफलत होते. देशीवादाची मराठीतील सर्वांत समर्थ मांडणी करणारे भालचंद्र नेमाडे स्वतः काही काळ लंडनच्या प्राच्यविद्या संस्थेत शिकवत होते. त्यामुळे त्यांच्या देशीपणाला बाध आल्याचे आमच्या ऐकिवात नाही. दुरून पाहिल्याने काही गोष्टी दिसतात. ब्राझीलची मुलगी शेजारी बसलेली असते आणि ती स्वतःच्या माळाबद्दल अभिमानाने बोलते, तेव्हाच आपल्या माळाबद्दल आपण ‘ओसाड’ हा शब्द वापरल्याची लाज वाटते. ती लाज सोमेश्वरनगरात बसून वाटली नसती. आम्हाला इतकी वर्षे कुठे वाटली?

जाणे सोपे नाही, हेही येथे सांगितले पाहिजे. जर्मनीला जाणाऱ्या विद्यार्थ्याला एका वर्षाच्या खर्चाचे ११,९०४ युरो आधी खात्यात अडकवून दाखवावे लागतात. हा २०२४ पासूनचा आकडा. दोन एकर जिरायतीच्या धन्याला ही रक्कम म्हणजे थट्टा आहे. राज्य शासनाची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती २००३ पासून अनुसूचित जातींतील विद्यार्थ्यांसाठी आहे आणि तिने अनेक घरांचे भाग्य बदलले, परंतु जागा वर्षाला पंच्याहत्तर. शिवाय शिष्यवृत्तीसाठी विद्यापीठाची जागतिक क्रमवारी पाहतात. माळाचा अभ्यास ब्राझीलच्या सेर्रादोत किंवा आफ्रिकेच्या सॅव्हानात राहून करणे कितीही शहाणपणाचे असो, क्रमवारीच्या वरच्या पानांवर त्या बाजूची विद्यापीठे मोजकीच. त्यामुळे आमचा मुलगा युरोपात जातो आणि युरोपातील विद्यापीठ त्याला क्षेत्रकार्यासाठी पुन्हा उष्ण कटिबंधात पाठवते. आमच्या ज्येष्ठ सहकाऱ्यांना विनोदच करायचा होता तर तो यावर करता आला असता.

आता फलक. लाल-निळा पोपट आणि वर्षावन. ‘उष्ण कटिबंधीय वर्षावन’ ही संज्ञा जर्मन शास्त्रज्ञ शिम्पर यांनी १८९८ च्या ग्रंथात रूढ केली आणि सव्वाशे वर्षांत तिने उष्ण कटिबंध हा सगळा शब्दच गिळला. उष्ण कटिबंध म्हणजे ओले, हिरवे, घनदाट. जे तसे नाही ते उजाड. आपल्या भूगोलाच्या पुस्तकांनी यात भर घातली. शाळेत नैसर्गिक प्रदेश शिकवतात तेव्हा भारत ‘मोसमी प्रदेशा’त जातो आणि ‘सुदानी प्रदेश’ किंवा सॅव्हाना म्हणून जे चित्र दाखवतात त्यात जिराफ आणि सिंह असतात. सुप्याच्या शाळेतला मुलगा खिडकीबाहेर गवत, हिवर आणि बाभळी पाहतो आणि पुस्तकात वाचतो की गवताळ प्रदेश आफ्रिकेत असतात. वनखात्याच्या वर्गीकरणातही हाच घोळ आहे. चॅम्पियन यांच्या १९३६ च्या आणि चॅम्पियन-सेठ यांच्या १९६८ च्या वर्गवारीत दख्खनच्या माळाला ‘काटेरी वना’च्या खात्यात टाकले. म्हणजे हे मूळचे वन. माणसाने आणि गुराढोरांनी नासवलेले. २००० मध्ये देशाचा पडीक जमिनींचा नकाशासंग्रह निघाला आणि असे कितीतरी माळ त्यात ‘पडीक’ म्हणून रंगवले गेले. जे पडीक ते वापरात आणायचे. झाडे लावा, नाहीतर सौर पट्टिका बसवा, नाहीतर औद्योगिक वसाहत आणा.

या ठिकाणी आम्हाला स्वतःविषयी लिहिणे भाग आहे. २०१६ पासून राज्यात मोठी वृक्षलागवड मोहीम झाली : दोन कोटी, चार कोटी, तेरा कोटी आणि २०१९ मध्ये तेहतीस कोटी. आम्ही राष्ट्रीय सेवा योजनेचे विद्यार्थी घेऊन एका गायरानावर गेलो. तीन दिवस खड्डे खणले. गिरिपुष्पाची रोपे लावली. संध्याकाळी शेकोटीभोवती झाडांवरच्या कवितांचे वाचन ठेवले होते. सूत्रसंचालन आमच्यापैकीच एकाने केले आणि ते फार चांगले झाले, असे सर्वांनी सांगितले. चौथ्या दिवशी गायरानाभोवती तार आली आणि चराईबंदीची पाटी लागली. एक वृद्ध मेंढपाळ काठी टेकून उभा होता. तो म्हणाला, “मास्तर, झाडं लावताय ते बेस. पण मेंढरानं काय सावली खायाची का?” आम्ही त्याला पर्यावरणाचे महत्त्व समजावून सांगितले. त्याने ऐकून घेतले. पुढच्या उन्हाळ्यात बहुतेक रोपे जळाली, खड्डे राहिले, आणि खड्ड्यांच्या कडेने गवत गेले ते परत आले नाही. त्याचा प्रश्न शास्त्रीय होता आणि आमचे उत्तर वाङ्मयीन होते, हे समजायला आम्हाला परदेशातून पत्र यावे लागले. माळावरच्या गवतांना उघडे ऊन लागते. सावलीत ती मरतात. त्यांनी साठवलेल्या कार्बनाचा मोठा वाटा जमिनीखाली, मुळांत असतो. हे आज परिस्थितिविज्ञानाचा पहिल्या वर्षाचा विद्यार्थी सांगतो. तो मेंढपाळ ते त्याच्या भाषेत सांगतच होता.

ती भाषा कोणाच्या ताब्यात आहे? आमच्या. म्हणजे असायला हवी होती. मराठीच्या अभ्यासक्रमात ‘निसर्ग’ येतो तो बालकवींच्या श्रावणातून, कोकणातून, सह्याद्रीतून. दुर्गाबाईंचे ‘ऋतुचक्र’ १९५६ चे. ते आम्ही ललित गद्याचा नमुना म्हणून शिकवतो आणि शैलीची वैशिष्ट्ये लिहून घेतो. त्याच्या आदल्याच वर्षी व्यंकटेश माडगूळकरांची ‘बनगरवाडी’ आली. माळ, मेंढरे, दुष्काळ आणि धनगर यांच्याशिवाय त्या कादंबरीत काय उरते? पण आमच्या प्रश्नपत्रिकेत ती ‘ग्रामीण कादंबरी’ असते, आणि ‘ग्रामजीवनाचे चित्रण’ या सहा गुणांच्या प्रश्नात माळ पार्श्वभूमी होतो. मारुती चितमपल्ली २०२५ मध्ये गेले. जन्म सोलापूरचा, आयुष्य वनखात्यात. जंगलातल्या माणसांकडून पक्ष्यांची, झाडांची, वाटांची हजारो नावे त्यांनी मराठीत आणली. २००६ मध्ये सोलापूरच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष म्हणून आपण त्यांची मिरवणूक काढली. त्यांच्या शब्दांचे काय केले? एखाद-दुसरा पाठ. त्या शब्दांवर मराठी विभागांतून उभा राहिलेला कोशकार्याचा एखादा प्रकल्प आम्हाला तरी पाहायला मिळालेला नाही.

धनगरी ओव्यांचे तर विचारूच नका. नीरेच्या वरच्या अंगाला वीर गाव आहे, तेथला म्हस्कोबा. त्या देवाच्या आणि बिरोबा-खंडोबाच्या कथा, ओव्या, मेंढपाळांच्या वाटा यांचा मूलगामी अभ्यास कोणी केला? ग्युंटर सोन्थायमर या जर्मन पंडिताने. पुण्यात राहून, वाड्यावस्त्यांवर हिंडून त्यांनी हे साहित्य ध्वनिमुद्रित केले. त्यांचा ग्रंथ १९७६ मध्ये जर्मनमध्ये आला. ॲन फेल्डहाउस यांचा इंग्रजी अनुवाद १९८९ चा. वीर ते सोमेश्वरनगर हे अंतर किती आहे हे आम्ही येथे लिहीत नाही. आमची अब्रू तेवढी तरी राहू द्या. आमच्याकडे लोकसाहित्याची प्रश्नपत्रिका आहे. तीत मौखिकता आहे, विधिनाट्य आहे, रचनाबंध आहे. मेंढरे ज्या गवतासाठी वाट बदलतात त्या गवताचे नाव नाही.

आणि आता ज्यामुळे हा लेख लिहिण्याची निकड वाटली ती गोष्ट. २०२५ मध्ये ‘पीपल अँड नेचर’ या संशोधनपत्रिकेत आशीष नेर्लेकर आणि दिग्विजय पाटील यांचा एक निबंध प्रसिद्ध झाला. नेर्लेकर अमेरिकेत सॅव्हानाचे परिस्थितिविज्ञान शिकलेले. पाटील पुण्याच्या आयसर संस्थेतले. प्रश्न असा होता : पश्चिम महाराष्ट्राचा माळ हा तोडलेल्या जंगलाचा सांगाडा आहे की मुळातच, शेकडो वर्षांपासून, तो माळच आहे? उत्तर शोधण्यासाठी त्यांनी प्रयोगशाळेत न जाता जुने मराठी वाङ्मय उघडले. ओव्या, कथा, चरित्रे, स्थानमाहात्म्ये. थेट तेराव्या शतकापासून. त्यांत उल्लेख आलेल्या रानवनस्पती नोंदल्या. ४४ जाती मिळाल्या. त्यांपैकी निम्म्याहून बऱ्याच अधिक जाती गवताळ माळाच्या खुणा सांगणाऱ्या होत्या; घनदाट वनाच्या अगदी थोड्या. सोळाव्या शतकातल्या एका काव्यात तर नीरेच्या खोऱ्यातील मोकळ्या, गवताळ भूमीकडे ओढले गेलेले पशुपालक भेटतात. आमची नीरा! इंग्रज यायच्या आधी, कालव्याआधी, वनखात्याआधी, हा माळ येथे होता आणि कोणीतरी मराठीत तसे लिहून ठेवले होते.

हा निबंध मराठीच्या कोणत्याही विभागातून निघाला नाही. साधने सगळी आमच्या कपाटातली. गेल्या वीस वर्षांत आमच्या परिसरातील महाविद्यालयांतून मराठीचे जे प्रबंध झाले, त्यांतल्या काहींचे परीक्षण आम्हीही केले आहे. ‘अमुक यांच्या कादंबऱ्यांतील तमुक जीवनाचे चित्रण : एक चिकित्सक अभ्यास’. अशा किती प्रबंधांतून एका झाडाचे वय कळले?

यावर आमच्या व्यवसायबंधूंचा आक्षेप आम्हाला पाठ आहे : साहित्य म्हणजे वनस्पतींची नोंदवही नव्हे, तुम्ही कवितेला पुराव्याच्या पायरीवर उतरवता. आक्षेप वजनदार दिसतो, म्हणून जरा थांबून उत्तर देतो.

पंढरपूरच्या देवळात कान्होपात्रेची समाधी आहे असे मानतात आणि तेथे उगवलेले झाड परंपरेने दाखवतात. ते झाड तरटीचे. कान्होपात्रा आम्ही शिकवतो. मंगळवेढे, गणिकेच्या पोटचा जन्म, बिदरच्या बादशहाचा निरोप, विठ्ठलाच्या पायांवर सोडलेले प्राण, हे सगळे सांगतो. तरटी म्हणजे काय, हे वर्गात कधी सांगितले? ते तुळशीसारखे पूजेतले रोप नाही, औदुंबरासारखे दत्तसंप्रदायाचे झाड नाही. ते कोरड्या माळावरचे, वाकड्या काट्यांचे, पांढऱ्या फुलांचे झाड आहे. कोणी लावत नाही, आपोआप येते. ज्या स्त्रीला जगाने कुळ दिले नाही तिच्या देहाच्या जागी परंपरेने हे झाड का पाहिले असेल, हा प्रश्न झाड ओळखणाऱ्यालाच पडू शकतो. झाड ओळखल्याने कवितेचा पुरावा होत असेल तर होवो. न ओळखल्याने कविता अर्धी वाचली जाते, हे आमचे म्हणणे आहे.

उलट बाजूही आहे आणि तेथे परिस्थितिविज्ञानाला आमची गरज आहे. काव्यात वनस्पती आली म्हणजे ती त्या भूमीत होती असे नव्हे. आख्यानकवींच्या वनवर्णनांत चंदन, चंपक, अशोक, केतकी यांच्या रांगा लागतात त्या संस्कृत कविसंकेतातून. कवी मराठवाड्यात बसून मलयगिरीचा वारा सोडतो. हे वर्णन जसेच्या तसे घेणारा शास्त्रज्ञ फसेल. पण हिवर, तरटी, नेपती, बोर, हिंगणबेट यांना संस्कृत काव्यात फारसे मानाचे पान नाही. ज्या अर्थी संकेताची सक्ती नसताना ही नावे येतात, त्या अर्थी सांगणाऱ्याने ती डोळ्यांनी पाहिलेली असण्याचा संभव अधिक. संकेत कोठे संपतो आणि पाहणे कोठे सुरू होते, हे ठरवण्याचे शिक्षण मराठीच्या एम. ए.ला मिळते. मिळायला हवे, असे म्हणू. हे काम करण्यासाठी परदेशी जावे लागत नाही. आमच्या विभागातून सुप्याची एसटी मिळते.

नव्या शैक्षणिक धोरणात पदवीच्या विद्यार्थ्यांना क्षेत्र प्रकल्पाचे श्रेयांक ठेवले आहेत, आणि भारतीय ज्ञानप्रणाली नावाचा विषयही आला आहे. त्या विषयाच्या नावाखाली काय काय शिकवले जाते हे आम्ही पाहत आहोत. विमानांपासून सुरुवात होते. मेंढरू कोणते गवत कोणत्या महिन्यात खाते आणि कोणते टाळते, हे ज्ञान त्यात कोणी धरलेले नाही, कारण ते संस्कृतात नाही आणि ते सांगणारी बाई शाळेत गेलेली नाही. आम्ही आमच्या मंडळाकडे प्रस्ताव दिला आहे की, मराठी विषयाचा क्षेत्र प्रकल्प माळावर व्हावा : नावे, ओव्या, चराईच्या वाटा, गायरानांचे जुने उल्लेख. एका सन्माननीय सदस्यांनी विचारले, “हे मराठीत कसे बसते? हे वनस्पतिशास्त्राकडे द्या.” वनस्पतिशास्त्र विभागाने आधीच सांगितले होते की हे मराठीकडे द्या. प्रस्ताव सध्या विचाराधीन आहे.

त्या विद्यार्थ्याला मात्र थांबता येत नव्हते. त्याचा लघुप्रबंध याच माळावर ठरला. म्हणून आम्ही दोघे एका रविवारी वही घेऊन सुप्याच्या बाजूच्या एका वाड्यावर गेलो. सत्तरीच्या पुढच्या एका बाईंनी आम्हाला चार तास माळ दाखवला. एकतीस नावे लिहून घेतली. पवन्या, मारवेल, डोंगरी ही नावे कोशात सापडली. सहा नावे आमच्याजवळच्या कोणत्याही कोशात नाहीत. दोन नावे एकाच गवताची आहेत. पाऊस पडल्यावर एक आणि वाळल्यावर दुसरे. बाईंना यात विशेष काही वाटले नाही. “पोरगी लगीन होऊन गेली की नाव बदलतंच की,” त्या म्हणाल्या. निघताना त्यांनी विचारले की, एवढ्या शिकलेल्या माणसांना हे कशाला हवे. परदेशात आमचा एक मुलगा आहे, त्याला हवे आहे, असे आम्ही सांगितले. त्या जरा विचारात पडल्या. मग म्हणाल्या, “तिकडं गवात नाय व्हय?”

यादी पाठवली. त्याचे उत्तर आले : पंचवीस नावे वाळवलेल्या नमुन्यांशी जुळली, उरलेल्या सहांसाठी तो दिवाळीत येतो आहे, कारण तेव्हा गवते तुऱ्यावर असतात आणि ओळखता येतात. सोबत यायचे असेल तर जाड कापडाची विजार घाला, असेही त्याने कळवले आहे. त्या दिवसांत कुसळ फार टोचते. आमच्या ज्येष्ठ सहकाऱ्यांनी आपणही येणार असल्याचे सांगितले आहे.